सरकारी खरेदीतला चार टक्के वाटा घ्यायचा कसा?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. ते १९७० साली पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांवर अर्जुनी मोरगावबरोबरच लाखांदूर, वडसा, आरमोरीकडचा धान पिकतो. धरणाच्या आसपासच्या गावांत गोंड, हलबा, बौद्ध, ढिवर, बुरुड अशी वस्ती आहे. गोठणगाव-प्रतापगड भागात १९७२ पासून तिबेटी वसाहतही आहे. धानाचा हंगाम संपला की या भागात हाताला काम उरत नाही. कसब मात्र भरपूर आहे. कोणी बांबूच्या वस्तू करतो, कोणी जाळी विणतो, कोणी शिवणकाम करतो, कोणी गवंडी आहे, कोणी सुतार.

या कसबाला गिऱ्हाईक कोण? आठवडी बाजार आहेच, पण तिथे सुपाला आणि टोपलीला मिळणारा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरे मोठे गिऱ्हाईक म्हणजे सरकार. शाळा, रेल्वे, खाणी, वीजकेंद्रे, दारूगोळ्याचे कारखाने, टपाल खाते यांना वर्षभर काही ना काही विकत घ्यावे लागते. कचऱ्याच्या टोपल्यांपासून गणवेशापर्यंत आणि झाडांच्या कुंपणापासून साफसफाईच्या सेवेपर्यंत ही यादी जाते. या खरेदीत अनुसूचित जाती-जमातीच्या छोट्या उद्योजकांसाठी कायद्याने वाटा राखलेला आहे. तो वाटा घेण्याची रीत कोणी नीट उलगडून सांगत नाही. म्हणून ती पहिल्या पायरीपासून समजून घेऊ.

नियम काय सांगतो

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा. त्याच्या आधारे केंद्र सरकारने २३ मार्च २०१२ रोजी सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला आणि तो १ एप्रिल २०१२ पासून लागू झाला. आधी केंद्राच्या प्रत्येक मंत्रालयाने, विभागाने आणि सार्वजनिक उपक्रमाने आपल्या वार्षिक खरेदीपैकी २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून करावी असे लक्ष्य होते. १ एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झाले आणि २०१८ मध्ये ते २५ टक्क्यांवर नेण्यात आले. या २५ टक्क्यांच्या आत ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीच्या उपक्रमांसाठी आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उपक्रमांसाठी आहेत. याशिवाय ३५८ वस्तू फक्त सूक्ष्म व लघु उपक्रमांकडूनच घ्यायच्या आहेत.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. हे टक्के खरेदी करणाऱ्या खात्याच्या वर्षभराच्या एकूण खरेदीवर मोजले जातात. प्रत्येक निविदेत चार टक्के बाजूला काढून ठेवलेले नसतात. आणि त्याच आदेशात पुढे असेही म्हटले आहे की अनुसूचित जाती-जमातीचे उपक्रम निविदेत उतरले नाहीत, किंवा अटी आणि सर्वांत कमी दर पूर्ण करू शकले नाहीत, तर तो ४ टक्क्यांचा भाग इतर सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून भरून काढता येतो. म्हणजे आपण गेलो नाही तर आपला वाटा रीतसर दुसऱ्याकडे जातो आणि खात्यावर कुणी बोटही ठेवू शकत नाही. ४ टक्क्यांचे हे लक्ष्य देशपातळीवर वर्षानुवर्षे निम्म्यालाही पोचलेले नाही, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

धोरणाच्या मर्यादाही आधीच माहीत असाव्यात. ते वस्तू आणि सेवांसाठी आहे. रस्ता, इमारत, कालवा अशी बांधकामे त्यात येत नाहीत. स्वतः वस्तू बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना ते लागू आहे. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. आणि हा आदेश केंद्राच्या खात्यांचा आहे. राज्य सरकार, जिल्हा परिषद, पंचायत समिती यांची खरेदी राज्याच्या नियमांनी चालते, त्यामुळे तिथल्या निविदेत काय सवलत आहे ते त्या त्या निविदेत वाचावे लागते.

केंद्राचे खाते इथे कुठले, असे कोणी विचारेल. जवाहर नवोदय विद्यालय याच तालुक्यात, नवेगावबांधला आहे. गोंदिया हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातले मोठे जंक्शन आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. भंडारा जिल्ह्यात मॉईलच्या मॅंगनीज खाणी आहेत, मौद्याला एनटीपीसीचे वीजकेंद्र आहे, नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय आहे. गिऱ्हाईक फार लांब नाही.

कोण बसतो, कोण बसत नाही

एकट्याचा व्यवसाय असेल तर मालक अनुसूचित जाती किंवा जमातीचा असावा लागतो. भागीदारी असेल तर अशा भागीदारांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर अशा प्रवर्तकांकडे किमान ५१ टक्के भाग हवेत.

आपल्या भागात वारंवार गोंधळ होतो तो बौद्धांच्या बाबतीत. बौद्ध हे धार्मिक अल्पसंख्याक आहेत, आणि १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जाही आहे. त्यामुळे जातीचे प्रमाणपत्र असलेला बौद्ध उद्योजक ४ टक्क्यांत बसतो. बुरुड ही महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या यादीतली जात आहे, त्यामुळे बांबूकाम करणारी बुरुड कुटुंबे बसतात. गोंड आणि हलबा जमाती अनुसूचित जमातींत आहेत आणि जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही.

ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो, म्हणून तो या ४ टक्क्यांत येत नाही. मुस्लीम उद्योजकालाही केंद्राच्या या धोरणात वेगळा वाटा नाही. या दोघांना २५ टक्क्यांचे सर्वसाधारण दार उघडे आहे, आणि मालक महिला असेल तर ३ टक्क्यांचेही. कर्जासाठी अल्पसंख्याकांना मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ, अनुसूचित जातींना महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि आदिवासींना शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे.

पहिली पायरी: कागद

पहिला कागद जातीचा दाखला. तो उपविभागीय अधिकारी देतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा जातीचा आणि रहिवासाचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा यांतून तो मिळतो. घरात मुलाच्या शिक्षणासाठी दाखला काढला असेल तर तेच पुरावे आईच्या किंवा वडिलांच्या दाखल्यालाही उपयोगी पडतात. निविदा आल्यावर दाखल्यामागे धावणे म्हणजे संधी घालवणे. दाखला आधी काढून ठेवावा.

दुसरा कागद उद्यम नोंदणी. ही १ जुलै २०२० पासून सुरू झाली, ती पूर्णपणे मोफत आहे आणि आधार व पॅनवर होते. तिच्यासाठी पैसे मागणारा माणूस फसवतो आहे असे समजावे. अर्जात तीन ठिकाणी चूक झाली की पुढचे सगळे दावे बिघडतात. सामाजिक प्रवर्गाच्या रकान्यात घाईने 'सर्वसाधारण' निवडले जाते, ते टाळावे. व्यवसायाचा प्रकार 'उत्पादन' किंवा 'सेवा' असा निवडावा. 'व्यापार' निवडला की खरेदी धोरणाचा लाभ जातो. आणि मालकाचे नाव आधार, पॅन व बँक खात्यावर एकसारखे हवे. माहेरचे नाव पॅनवर आणि सासरचे आधारवर असेल तर आधी तेच दुरुस्त करावे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उपक्रम सूक्ष्म ठरतो, म्हणजे आपल्याकडचा जवळपास प्रत्येक कारागीर सूक्ष्मच.

जीएसटीबद्दल अनेकांच्या मनात धास्ती असते. फक्त वस्तू पुरवणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. काही निविदा मात्र नोंदणी मागतात, त्यामुळे ती अट पाहूनच पुढे जावे.

हत्यारे आणि थोडे भांडवल हवे असेल तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. तिच्या १८ व्यवसायांत टोपली-चटई-झाडू करणारे आहेत आणि मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप आहे.

दुसरी पायरी: बाजारात उभे राहणे

केंद्राच्या वस्तू-सेवांच्या खरेदीचा बाजार म्हणजे ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेले गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, बोलीभाषेत जेम. राज्याच्या मोठ्या निविदा महाटेंडर्सवर असतात आणि तिथे डिजिटल सही लागते. नवख्याने जेमपासून सुरुवात करावी.

जेमवर खरेदी तीन प्रकारे होते. २०२४ मध्ये वाढवलेल्या मर्यादेप्रमाणे ५० हजार रुपयांपर्यंतची वस्तू खाते थेट निवडून घेऊ शकते. त्यापुढे १० लाखांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या वस्तूंची तुलना करून सर्वांत कमी दराची घ्यावी लागते. १० लाखांवर बोली मागवावीच लागते. छोट्या कारागिराने आधी पहिल्या प्रकारावर डोळा ठेवावा. त्यात निविदा नाही, अनामत नाही. आपली वस्तू दिसली आणि पटली की मागणी येते.

वस्तू दिसावी कशी? स्वच्छ फोटो, आणि मोजमाप. आपल्याकडे टोपली 'लहान, मधली, मोठी' अशी सांगतात. खात्याच्या बाबूला उंची इतके सेंटिमीटर, तोंडाचा व्यास इतका, वजन इतके, कमचीची रुंदी इतकी असे लागते, कारण माल आल्यावर तो पट्टीने मोजूनच घेणार असतो. पन्नास टोपल्या एका मापाच्या करायच्या तर एक साचा ठेवावा लागतो. बाजारात विकणे आणि सरकारला पुरवणे यांतला सर्वांत मोठा फरक इथेच आहे, आणि तो सरावाने जमतो. बांबूच्या वस्तूंसाठी जेमवर 'ग्रीन गोल्ड कलेक्शन' नावाचे वेगळे दालन आहे. महिला उद्योजक आणि बचत गटांसाठी २०१९ मध्ये 'वुमनिया' उपक्रम सुरू झाला. तिथे आपली वस्तू आहे ना, हे बघावे.

नोंदणीचे काम गावातल्या सामान्य सेवा केंद्रावर होऊ शकते. फक्त ईमेल, पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाईल नंबर आपलाच असावा. केंद्रचालकाच्या ईमेलवर खाते उघडले की तो गाव सोडून गेल्यावर आपले दुकानही त्याच्याबरोबर जाते.

तिसरी पायरी: निविदा वाचणे

मोठ्या बोलीचा कागद चाळीस पानांचा असला तरी आधी सहा गोष्टी शोधाव्यात: शेवटची तारीख, वस्तूचे मोजमाप, माल कुठे पोचवायचा, किती दिवसांत, मागील अनुभव व उलाढालीची अट, आणि अनामतीबाबत काय म्हटले आहे.

अनामत म्हणजे बोली लावताना ठेवायची रक्कम. केंद्राच्या वित्तीय नियमांप्रमाणे ती अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते. सूक्ष्म व लघु उपक्रमांना ती माफ आहे आणि निविदेचा कागदही मोफत मिळतो. पण काम मिळाल्यावर द्यायची कामगिरीची हमी यात माफ नाही. ती ३ ते ५ टक्के असते आणि बहुधा बँक हमीच्या रूपात द्यावी लागते. अनेकजण 'सगळे माफ आहे' असे समजून बोली लावतात आणि काम मिळाल्यावर अडकतात. १८ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबकडून बँक हमीच्या शुल्काची आणि वस्तूंच्या चाचणी शुल्काची भरपाई मिळण्याची सोय आहे. हबचे काम राष्ट्रीय लघु उद्योग निगम पाहते.

अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून छोट्यांना सूट देता येते. तसे धोरण आहे. पण 'देता येते' या शब्दांतच सूट खरेदीदाराच्या हातात आहे हे आले. निविदेत सूट लिहिली नसेल तर बोलीपूर्व शंकांच्या मुदतीत लेखी प्रश्न विचारावा. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, आणि बऱ्याचदा राहून गेलेली सूट अशा प्रश्नामुळेच जोडली जाते.

चौथी पायरी: दर

आता सर्वांत महत्त्वाचे. समजा एका खात्याला वृक्षारोपणासाठी बांबूचे ५०० ट्री गार्ड हवे आहेत आणि गोठणगावच्या एका बुरुड ताईंना बोली लावायची आहे. आकडे उदाहरणासाठी आहेत, पद्धत मात्र खरी.

एका ट्री गार्डला बांबू ९० रुपयांचा. कमच्या काढणे, विणणे, बांधणे याची मजुरी १२० रुपये. तार आणि तेल १५. पोचवण्याचे भाडे ३५. तुटफूट १०. झाले २७०. इथे बहुतेकजण थांबतात आणि वर नफा लावतात. पण माल देऊन पैसे हातात येईपर्यंत दोन महिने जातील असे धरले, तर ५०० नगांत गुंतलेल्या १ लाख ३५ हजारांवर १२ टक्क्यांनी दोन महिन्यांचे व्याज २,७०० रुपये होते. नगामागे ५ रुपये ४० पैसे, म्हणजे ६ धरू. खरा खर्च २७६. स्वतःच्या घरातल्या माणसांची मजुरीही यात धरलेली आहे, ती कधीही सोडू नये. त्यावर ३४ रुपये नफा धरून ताईंनी ३१० रुपये दर भरला.

बोली उघडली. सर्वांत कमी दर २९० रुपये निघाला आणि तो भरणारा सूक्ष्म किंवा लघु उपक्रम नाही. आता धोरणाचा खरा उपयोग सुरू होतो. सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त दर भरलेल्या सूक्ष्म व लघु उपक्रमाला तोच कमी दर मान्य करून कामाचा काही भाग घेता येतो. २९० वर १५ टक्के म्हणजे ३३३ रुपये ५० पैसे. ताईंचे ३१० त्यात बसतात. त्यांनी २९० मान्य केले तर धोरणानुसार किमान २५ टक्के, म्हणजे १२५ नग त्यांच्याकडून घेता येतात. नगामागे १४ रुपये उरतात. काम घ्यावे. असे उपक्रम एकाहून अधिक असतील तर त्या भागाची विभागणी होते, हेही लक्षात असावे.

आता दुसरी शक्यता. सर्वांत कमी दर २७२ निघाला. १५ टक्क्यांची मर्यादा ३१२ रुपये ८० पैसे, म्हणजे ताईंचे ३१० याही वेळी बसतात. खात्याकडून विचारणा येते. पण खर्च २७६ आहे. दर मान्य केला तर प्रत्येक नगाला ४ रुपये पदरचे जातील. इथे नम्रपणे नकार द्यायचा. पहिलेच काम तोट्यात घेतले, अर्धा माल वेळेवर गेला नाही, हमी जप्त झाली आणि नाव काळ्या यादीत गेले, अशा रीतीने अनेकांचे सरकारी पुरवठ्याचे दार कायमचे बंद होते. बोली लावण्याआधी आपला तळाचा आकडा कागदावर लिहून ठेवावा आणि त्याखाली कधीही जाऊ नये.

खर्च कमी करण्याचा खरा मार्ग कच्च्या मालात आहे. नोंदणीकृत बुरुड कारागिरांना वनविभागाकडून सवलतीने बांबू मिळण्याची व्यवस्था आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढवलेला बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे शेताच्या धुऱ्यावरचा बांबू तोडण्या-नेण्यातली जुनी अडचण बरीच कमी झाली. चार कुटुंबांनी मिळून बांबू आणला तर भाडेही वाचते.

पाचवी पायरी: पैसे

जेमवर माल पोचल्यानंतर खात्याने १० दिवसांत तो तपासून स्वीकारल्याचे प्रमाणपत्र द्यायचे आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. प्रत्यक्षात उशीर होतो. त्यासाठी २००६ च्या कायद्याने छोट्यांच्या हातात मोठे साधन दिले आहे. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे जाते. परिषदेने निर्णय दिल्यावर खात्याला न्यायालयात आव्हान द्यायचे असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

अट एकच: माल देण्याच्या वेळी उद्यम नोंदणी झालेली असली पाहिजे. माल दिल्यावर नोंदणी करून मागच्या पुरवठ्यासाठी या कायद्याचा आधार मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय माल उतरवताना पोच घ्यावी, तीवर तारीख, नगांची संख्या, सही आणि शिक्का हवा. तक्रारीच्या वेळी हाच कागद कामाला येतो.

एकट्याने जमत नसेल तर

एका घराकडून ५०० नग होणार नाहीत. अशा वेळी गट हाच मार्ग, आणि या भागाला तो नवा नाही. झाडीपट्टीतल्या मालगुजारी तलावांत ढिवर पिढ्यानपिढ्या मासे धरत आले. मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले, पुढे इटियाडोहसारखे जलाशय झाले, आणि मासेमारी ठेक्याने मिळू लागली. ढिवरांनी मच्छीमार सहकारी संस्था उभ्या केल्या आणि ठेक्यात अशा संस्थांना प्राधान्य मिळाले. बांधकामाच्या छोट्या कामांत मजूर सहकारी संस्थांना राज्याच्या नियमांनी हिस्सा मिळतो. म्हणजे संस्था काढणे, सभासदांचा हिशेब ठेवणे, ठेका घेणे हे सगळे इथल्या माणसांनी केलेले आहे. बांबू, शिवण आणि स्वयंपाक या कामांत तेच करायचे आहे.

मात्र अटींकडे डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. अंगणवाडीच्या पूरक पोषण आहाराचे काम ठेकेदारांकडून काढून गावातल्या बचत गटांना, महिला मंडळांना द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले होते. तरीही महाराष्ट्रात २०१६ साली निघालेल्या निविदेत अनेक प्रकल्प एकत्र करून मोठे गट पाडले गेले आणि अशा अटी ठेवल्या गेल्या की छोटे बचत गट आपोआप बाहेर पडावेत. वैष्णोराणी महिला बचत गटाने आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्या अटी अवैध ठरवून नव्याने निविदा काढायला लावली. छोट्यांना बाहेर ठेवायला 'तुम्हाला प्रवेश नाही' असे लिहावे लागत नाही, कामाचा आकार मोठा केला की पुरते. म्हणून निविदेत कामाचे तुकडे करावेत ही मागणी बचत गटांनी आणि लोकप्रतिनिधींनी आधीपासून लावून धरली पाहिजे.

दुसरा धोका घरापर्यंत चालत येतो. एखादा मोठा ठेकेदार येतो आणि म्हणतो, 'तुमचे फक्त नाव द्या, बाकी मी बघतो, घरबसल्या पैसे मिळतील.' जातीचा दाखला, डिजिटल सही आणि सही केलेले कोरे धनादेश त्याच्या हातात जातात. माल निकृष्ट निघाला, कर थकला, तर नोटीस येते ती दाखलेवाल्याच्या नावाने. जबाबदारी पूर्ण आपली, नफा दुसऱ्याचा. शिवाय ज्याच्यासाठी हा वाटा ठेवला तो कारागीर कोपऱ्यातच राहतो. डिजिटल सही ही आपली सहीच आहे, ती कोणालाही देऊ नये.

कमी आहे ती सोबतीची

वाटा आहे, पण तो घ्यायला सोबत करणारा माणूस नाही. अमेरिकेत अशीच अडचण होती. १९६९ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी वेगळे सरकारी कार्यालय सुरू केले. पुढे तिथे वंचित उद्योजकांना नऊ वर्षे हात धरून सरकारी पुरवठ्यात उभे करणारा कार्यक्रम झाला, आणि १९८५ पासून देशभर अशी केंद्रे सुरू झाली जिथे सल्लागार छोट्या उद्योजकाशेजारी बसून निविदा वाचतो, दर तपासतो, अर्ज भरायला मदत करतो. राखीव वाट्याइतकेच त्यांनी शेजारी बसणाऱ्या माणसालाही महत्त्व दिले. आपल्याकडे मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री स्थापन केले, त्यामागेही हीच निकड होती. पण चेंबर शहरात असते. गोठणगावच्या कारागिराला तालुक्याच्या ठिकाणी असा माणूस हवा.

तो मिळणे अवघड नाही. जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, तसेच बचत गटांसोबत असणाऱ्या माविम आणि उमेद या यंत्रणा गोंदिया जिल्ह्यात काम करतात. त्यांनी बाजाराच्या दिवशी अर्जुनी मोरगावात आणि नवेगावबांधला एक टेबल मांडावे. तिथे उद्यम नोंदणी तपासावी, जेमवरचे फोटो काढून द्यावेत, निविदा मराठीत समजावून सांगाव्यात आणि थकलेल्या बिलांची तक्रार भरून द्यावी. केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनीही वर्षाच्या सुरुवातीला आपण काय काय घेणार आहोत याची यादी या भागात येऊन सांगावी.

आणि कारागिरांना, गटातल्या ताईंना एवढीच विनंती: या महिन्यात दाखला आणि उद्यम नोंदणी तपासून घ्या. आपल्या एका वस्तूचा खरा खर्च कागदावर मांडा. जेमवर ती एकच वस्तू नीट टाका. पहिली मागणी लहान आली तरी ती मापात आणि वेळेत पुरी करा. हा वाटा तुमच्यासाठी कायद्याने ठेवलेला आहे. तुम्ही बोली लावली नाही तर तो इतरांना द्यायलाही तोच कायदा परवानगी देतो, म्हणून बोली लावा.